दिलीपचा पत्ता आणि रेजिनाबाईंचे पत्ते

आईने स्वतःहून कुठे जायचं नाव काढलं, असं माझ्या आठवणीत एकदाच झालं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. नाशिकच्या आमच्या दोन खोल्यांत मी शाळेच्या वह्या तपासत बसले होते आणि आई चुलीपाशी उगाच भांडी इकडची तिकडे करत होती. मध्येच म्हणाली, "शैले, वसईला जाऊ या. तुझ्या लीनाची मावशी पत्ते बघते ना, तिच्याकडे."

गेल्या महिन्यात इथे मी टॅरोबद्दल सहज दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, की तुम्ही हे पत्ते कुठे पाहिलेत, तुमचा विश्वास आहे का, वसईला असं कोणी अजून आहे का. एकेकाला उत्तर देण्यापेक्षा ती सगळी सहलच लिहून काढते. सहल म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

माझा धाकटा भाऊ दिलीप मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत कामाला होता. अकरा महिने त्याचं पत्र नव्हतं. कंपनीला विचारलं, तर तीन ओळींचं उत्तर आलं, की त्याने करार संपल्यावर परदेशातल्या एका बंदरात नोकरी सोडली आणि पुढचं त्यांना माहीत नाही. आईने पंचवटीतल्या दोन ज्योतिष्यांना पत्रिका दाखवली. एकाने शनी सांगितला, दुसऱ्याने चैत्रापर्यंत थांबा म्हटलं. चैत्र येऊन गेला. आई जेवायला बसली की अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायची.

लीना माझ्या शाळेत शिकवायची. मूळची वसईची, ख्रिस्ती. तिची मावशी रेजिनाबाई निवृत्त शिक्षिका होती आणि तिच्याकडे नवऱ्याने परदेशातून आणलेले चित्रांचे पत्ते होते. ते बघून ती लोकांशी काहीतरी बोलते, असं लीनाने मधल्या सुट्टीत सांगितलं आणि मी ते घरी गंमत म्हणून सांगितलं. आईने ते गंमत म्हणून ऐकलंच नव्हतं.

लीनाने मावशीला कार्ड टाकलं. आठ दिवसांत उत्तर आलं: "जरूर या. दोन-तीन दिवसांच्या बेताने या. आईंच्या खाण्याच्या सवयी कळवा."

पहिला दिवस

नाशिकहून भिवंडी आणि तिथून कामणच्या रस्त्याने वसई, असे आम्ही एस्टीने गेलो. तिकीट किती होतं ते आता आठवत नाही, पण माझ्या शिक्षिकेच्या पगाराला ते जड नव्हतं. पहाटेची गाडी. इगतपुरीला चहा आणि गरम वडे मिळाले, आईने चहा तेवढा घेतला. कसारा घाट उतरला की हवा बदलते हे मला ठाऊक होतं, पण भिवंडी सोडल्यावरचा रस्ता नवीन होता. आता तुम्ही तिथून गेलात तर दोन्ही बाजूंना गोदामं आणि ट्रकच्या रांगा दिसतील. तेव्हा कामणला कापलेल्या भाताची खाचरं होती, पेंढ्यांच्या उडव्या रचलेल्या होत्या आणि मागे हिरवेगार डोंगर. रस्ता मात्र तेव्हाही खड्ड्यांचाच होता. गोखिवऱ्यापर्यंत आईने पुढच्या सीटचा दांडा सोडला नाही.

स्टेशनाजवळ उतरून पूल ओलांडला आणि पश्चिमेला टांगा केला. पाऊण तास लागला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा, पानवेलींचे मांडव, मध्येच एखादं पांढरं चर्च, त्याला तिथले लोक देऊळच म्हणतात. निर्मळच्या अलीकडे एका वाडीच्या फाटकाशी टांगेवाल्याने आम्हाला उतरवलं. रेजिनाबाई फाटकातच उभ्या होत्या. साठीच्या असतील. बारीक अंगकाठी, पांढरी सुती साडी, गळ्यात क्रूस. वर्गात उभ्या असल्यासारख्या ताठ.

"प्रवास कसा झाला, हे मी विचारत नाही," त्या म्हणाल्या. "कामणचा रस्ता मला माहीत आहे. आधी पाय धुवा."

घरामागे बावखल होतं. बावखल म्हणजे वाडीतलं पावसाचं पाणी साठवणारं तळं. तिथे आम्ही हातपाय धुतले. आत आलो तर ओसरीच्या एका कोपऱ्यात कोरा स्टोव्ह, दोन नवी पातेली आणि तांदळाचा डबा मांडलेला. बाबा गेल्यापासून आईने मासे-मटण सोडलं होतं, ते मी पत्रात लिहिलं होतं.

"तुम्हाला वेगळं शिजवायचं असेल तर हे," रेजिनाबाई आईला म्हणाल्या. "आणि माझ्या हातचं चालत असेल, तर आज केळफुलाची भाजी आणि वालाचं बिरडं आहे. माझ्या भांड्यांना आजपुरतं मासे विसरायला सांगितलंय."

आई किंचित हसली. कित्येक महिन्यांनी. म्हणाली, "तुमच्याच हातचं चालेल."

जेवण झाल्यावर आई थांबायला तयार नव्हती. रेजिनाबाईंनी कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत पांढऱ्या रुमालात गुंडाळलेले पत्ते होते. आपल्या नेहमीच्या पत्त्यांपेक्षा लांबट, कडा झिजलेले, निळा, लाल आणि पिवळा असे ठसठशीत रंग. त्यांनी ते आईच्या हातात दिले आणि पिसायला सांगितले.

"त्याआधी एक सांगते," त्या म्हणाल्या. "आमच्या फादरना मी शब्द दिलेला आहे. ह्या पत्त्यांवरून उद्याचं काहीही सांगायचं नाही. ते देवाचं काम आहे, माझं नाही. तुम्ही एक पान काढा, त्यात काय दिसतं ते तुम्ही बोला. मी ऐकेन, विचारेन."

आईने हे नीट ऐकलं की नाही, कोण जाणे. तिने पत्ते पिसले आणि मधलं एक पान काढून उलटं केलं. नदीकाठी गुडघा टेकून बसलेली एक बाई. दोन हातांत दोन घडे, एकातलं पाणी ती जमिनीवर ओतते आहे, दुसऱ्यातलं नदीत. डोक्यावर आठ तारे. मागे झाडावर एक काळा पक्षी. आणि बाईच्या अंगावर कपडा नाही.

"काय दिसतं?" रेजिनाबाईंनी विचारलं.

आईने पान बोटाने जरा लांब सरकवलं. "बाई दिसते. नीट कपडे घातलेली नाही." मग एकदम म्हणाली, "माझा मुलगा आहे की नाही, तेवढंच मला सांगा."

"ते मी सांगू शकत नाही."

"मग मी एवढ्या लांब कशाला आले?"

रेजिनाबाईंनी पत्ते परत रुमालात गुंडाळले. आई उठून आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मला दोघींचाही राग आला. खरं सांगायचं तर मला स्वतःचाच आला होता, कारण ही आशा तिला मीच दाखवली होती.

दुसरा दिवस

सकाळी जाग आली तेव्हा रेजिनाबाई चर्चमधली सकाळची मिस्सा करून परत आल्या होत्या आणि ओसरीवर चहाचा कप घेऊन बसल्या होत्या. समोर एकच पान उघडं. हातात कंदील घेतलेला म्हातारा.

"रोज एक काढते," त्या म्हणाल्या. "हे पान बघून आज मला आमचे जुने हेडमास्तर आठवले. त्यांना दिसत नाही आता. दुपारी जाऊन पेपर वाचून दाखवते त्यांना. काल तलवार आली होती, तर जावेशी बोलताना तोंड सांभाळलं. माझा पत्त्यांचा उपयोग एवढाच."

आई अजून आतच होती. मी त्यांना पत्त्यांबद्दल विचारत बसले. त्यांचा नवरा सांतान जहाजावर स्वयंपाकी होता. त्याने ते जिनोआ बंदराजवळच्या एका दुकानातून आणले. दुकानदारीण म्हातारी होती. तिने त्याला सांगितलं, की हे मुळात भविष्याचे पत्ते नव्हतेच. पाचेकशे वर्षांपूर्वी उत्तर इटलीतले सरदार-उमराव ह्या पत्त्यांनी डाव खेळायचे, हात जिंकायचे, हरायचे. भविष्य बघायला ते खूप नंतर, फ्रान्समध्ये वापरू लागले. एकूण अठ्ठ्याहत्तर पानं. छप्पन्न आपल्या पत्त्यांसारखी, फक्त बदाम-इस्पिकच्या जागी पेले, तलवारी, नाणी आणि काठ्या. उरलेली बावीस मोठ्या चित्रांची. वेडा, जादूगार, राणी, चाक, मनोरा, चंद्र, सूर्य. प्रत्येक चित्राखाली रेजिनाबाईंनी पेन्सिलीने मराठी नाव लिहिलं होतं, वळणदार, शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं.

"सांतान वर्षातले नऊ महिने बाहेर असायचा," त्या म्हणाल्या. "मी एकटी. मनातलं कोणाशी बोलायची नाही मी. मग एक पान काढायची आणि त्यातल्या माणसाशी बोलायची. पुढे शेजारच्या बायका यायला लागल्या. कोणी अंडी आणतं, कोणी भाजी. फादरांच्या कानावर गेलं. ते आले, सगळी पानं बघितली, अर्थ विचारले. रागावले नाहीत. म्हणाले, लोकांना घाबरवू नकोस आणि उद्याचं सांगू नकोस. मला ते पटलं."

"आणि कालचं पान?" मी विचारलं.

"तारा. त्याचा अर्थ पत्त्यांच्या पुस्तकात आहे, पण तुझ्या आईला तो आत्ता सांगून उपयोग नाही. तिला त्या चित्रात दुसरं काहीतरी दिसलंय. कपड्यांचं तिने वरवरचं सांगितलं."

आई बाहेर आली ती पिशवी भरूनच. आजच निघू म्हणाली. पण भिवंडीची सोयीची गाडी निघून गेली होती. तेव्हा रेजिनाबाईंनीच सुचवलं, की घरात बसण्यापेक्षा अर्नाळ्याला जाऊन या, बस फाटकासमोरून जाते.

जाणाऱ्यांसाठी सांगते, अर्नाळ्याला आता रिसॉर्ट्स आहेत आणि रविवारी गाडी लावायला जागा नसते. शांत किनारा हवा असेल तर अलीकडे राजोडीला उतरा, तेही सकाळी. तेव्हा अर्नाळ्याला किनाऱ्यावर होड्या, जाळी आणि बांबूंच्या मांडवांवर वाळत घातलेले बोंबील एवढंच होतं. समोर पाण्यात किल्ला. नाकाला वासाची सवय व्हायला दहा मिनिटं लागली.

आई वाळूत बसली आणि पाण्याकडे बघत राहिली. तिने समुद्र त्याआधी कधी पाहिला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मुलगा सात वर्षं त्याच पाण्यावर आणि तिने ते पाहिलंही नव्हतं.

जवळच एक कोळीण बोंबील उलटत होती. चाळिशीची, अंगाने भरलेली. आईने तिला विचारलं, "तुमचे पुरुष गेलेत का आत?"

"गेलेत. परवा येतील नायतर तेरवा."

"तोवर तुम्ही कशा राहता?"

"ऱ्हायाचं काय, काम असतं." तिने आईकडे नीट बघितलं. "तुजं कोन गेलंय पान्यावर?"

"मुलगा. अकरा महिने झाले. पत्र नाही."

कोळीण हातातलं काम टाकून आईजवळ येऊन बसली. "जाताना नीट बोललीस ना त्याच्याशी?"

आई वाळूत बोटाने रेघा ओढू लागली.

"आमच्यात जानाऱ्या मानसाला वाईट बोलून धाडीत नाय," ती म्हणाली. "तो तर जातो निघून. मागं घरात ते आपल्यालाच आयकाय लागतं."

ती हे आईला टोचावं म्हणून बोलली नव्हती. तिला काही माहीतच नव्हतं. थोडा वेळ बसली, आईच्या पाठीवरून हात फिरवला आणि परत बोंबलांकडे गेली. आई उठली. बसथांब्यापर्यंत ती माझ्यापुढेच चालत राहिली.

वाडीत पोचलो तेव्हा दिवे लागायचे होते. रेजिनाबाई झाडांना पाणी घालत होत्या. आई सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "ते पान परत दाखवता का?"

तिघी ओसरीवर बसलो. आईने ते पान हातात घेतलं.

"ही बाई पाणी सोडते आहे," ती म्हणाली. "नदीत पाणी सोडणं मुलाचं काम. ह्याचे वडील गेले तेव्हा ह्याचं जहाज भर समुद्रात होतं. तार मिळाली, पण येणार कसा? पुतण्याने सगळं केलं. दोन महिन्यांनी हा आला. दारात उभा राहिला, रडत होता. आणि मी त्याला म्हटलं, बापाच्या वेळी आला नाहीस, आता माझ्या वेळीही येऊ नकोस. मुलगा मेला असं समजेन मी."

रेजिनाबाईंनी विचारलं, "मग तो काय म्हणाला?"

"काही नाही. तीन दिवस राहिला. माझ्या हातचं जेवला, मी बोलले नाही. चौथ्या दिवशी पाया पडून गेला. त्यानंतर पत्र नाही." आईचा आवाज खाली गेला. "तो आहे की नाही, असं मी सगळ्यांना विचारत फिरते. पण मला वाटतं तो आहे. मीच त्याला येऊ नको म्हटलंय, म्हणून येत नाही."

हे सगळं घडलं तेव्हा मी त्याच घरात होते. मी दाराआडून ऐकलं होतं. तीन दिवसांत एकदाही आईला म्हटलं नाही, की हे बरोबर नाही, आणि दिलीपलाही स्टँडवर पोचवायला गेले नाही. मला शाळा होती. हे मी तेव्हा तिथेच बोलून टाकलं. आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि तसाच धरून ठेवला.

रेजिनाबाई म्हणाल्या, "हेच सगळं त्याला लिहा."

"कुठे लिहू? त्याचा पत्ता कुठे आहे?"

"लिहा तर. पत्त्याचं मी बघते. तीस वर्षं खलाशाची बायको होते मी."

तिसरा दिवस

सकाळी तांदळाची भाकरी आणि चहा झाल्यावर आई सांगू लागली आणि मी लिहू लागले. आईला लिहिता येत होतं, पण इतकं लांब लिहायची सवय नव्हती. चार पानांचं पत्र झालं. त्यात वाक्यावाक्याला माफी वगैरे नव्हती. बाबा शेवटच्या दिवशी काय बोलले, कोणती भाजी मागितली, अंगणातलं पेरूचं झाड कसं वठलं, असं सगळं होतं. मध्येच, "मी तुला बोलले ते चुकीचं होतं. तू ये," एवढीच दोन वाक्यं. खाली मी माझ्या चार ओळी घातल्या. सही मात्र आईने स्वतः केली.

त्या पत्राच्या आम्ही तीन प्रती काढल्या. दुपारपर्यंत तेच काम. रेजिनाबाईंचं अक्षर आमच्यापेक्षा चांगलं, म्हणून पाकिटावरची नावं त्यांनी घातली. एक प्रत जुन्या कंपनीकडे, पुढे पाठवा अशी विनंती लिहून. दुसरी मुंबईच्या गोदीजवळ खलाशी उतरायचे त्या वसतिगृहात, तिथे बिनपत्त्याची पत्रं फळीवर लावून ठेवत. तिसरी त्यांच्याच गावातल्या एका माणसाला दिली. तो आठवड्याने आखातात जहाजावर रुजू होणार होता. आम्ही त्याच्या घरी गेलो तर तो ओटीवर बॅगेला दोरी बांधत होता. त्याने पाकीट वाचलं. "बाई, मी बंदराबंदरात विचारीन," तो म्हणाला. "जहाजावरची मानसं एकमेकांना ओळखतात. इंजिनवाले तर जास्तच."

निघायच्या आधी मी रेजिनाबाईंना ताऱ्याचा पुस्तकातला अर्थ विचारला. "आशा," त्या म्हणाल्या. "मनोरा कोसळतो, त्याच्या पुढचं पान ते. पण हे मी परवाच सांगितलं असतं, तर तुझी आई आशा घेऊन घरी गेली असती आणि परत वाट बघत बसली असती."

आईने जाताना त्यांना नमस्कार केला. रेजिनाबाईंनी सुकेळ्यांचा पुडा दिला. पिकलेली केळी उन्हात सुकवून पानात बांधलेली, मधासारखी गोड. वसईला गेलात तर सुकेळी जरूर शोधा, आता फार थोडी घरं करतात. परतीच्या गाडीत आईने त्यातली तीन खाल्ली आणि पुढच्या सीटवरच्या बाईलाही दिली.

घरी

साडेचार महिने काही आलं नाही. आई रोज पोस्टमनची वेळ बघायची, पण जेवायची. रेजिनाबाईंना दर पंधरा दिवसांनी कार्ड टाकायची, त्यांचंही यायचं. दोघींची ती पत्रं पुढे कित्येक वर्षं चालली. त्यांत पत्त्यांचा विषय नसायचा, लोणची आणि गुडघे असायचे.

मग एका शनिवारी शाळेतून आले तर आई उंबऱ्यात बसलेली, मांडीवर परदेशी तिकिटाचं पाकीट. फोडलेलं नव्हतं. "तू वाच," म्हणाली.

दिलीप आखातातल्या एका गोदीत जहाज-दुरुस्तीच्या कामावर होता. वसईच्या त्या माणसाने दिलेलं पत्र चार जणांच्या हातून त्याच्यापर्यंत पोचलं होतं. त्याने लिहिलं होतं, "आई, तू ये म्हटलंस ते वाक्य वाचलं आणि पत्र घडी करून ठेवलं. बाकीचं वाचायला दोन दिवस लागले. सुट्टी मिळाली की येतो."

तो श्रावणात आला. आई मेथी निवडत होती. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "हातपाय धू. भात टाकते." मग मेथीची पाटी तशीच राहिली आणि ती त्याच्या छातीशी कितीतरी वेळ डोकं टेकून उभी होती. भात त्या दिवशी मी टाकला.

टॅरोवर माझा विश्वास आहे का, ह्याचं उत्तर मला अजूनही एका शब्दात देता येत नाही. पुढे मी स्वतः पत्ते घेतले, पुस्तकं वाचली. कोणी माझ्याकडे आलं तर मीही उद्याचं सांगत नाही. रेजिनाबाई गेल्या, ती वाडी आता तिथे नाही, बावखलही बुजवलं असं लीना म्हणते. तेव्हा त्यांचा पत्ता मला विचारू नका. पण वसईला जा. केळीच्या उरलेल्या बागांमधून चाला, अर्नाळ्याला बोंबील वाळवणाऱ्या बायकांशी दोन शब्द बोला.

आई त्यानंतर चौदा वर्षं होती. प्रत्येक सुट्टीला दिलीप घरी आला. ती गेल्यावर एकदा आम्ही दोघंच बसलो होतो, तेव्हा मी त्याला विचारलं, "ते पत्र मिळालं नसतं, तर तू आला असतास का रे?"

"आलो असतो," तो म्हणाला. "तिच्या दहाव्याला."